भंगारवाला ज्याला हात लावत नाही ते सामान : सोसायटीतला संकलन दिवस

तळजाईकर

मंडळी, दिवाळीची आवराआवरी जवळ आली की इथे ठरलेले प्रश्न सुरू होतात. जुने एक्सरे कुठे द्यायचे, व्हिडिओ कॅसेटी कोणी घेतं का, आजेसासूबाईंच्या देवांच्या तसबिरींचं काय करू. दर वेळी वेगळ्या धाग्यावर तेच टंकण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. आमच्याकडे (पुणे, सिंहगड रस्त्याची बाजू) आम्ही काही जणी आणि दोन निवृत्त काका मिळून अधूनमधून असा संकलन दिवस घेतो.

सगळ्यात आधी एक, कारण बहुतेक जण हे उलटं करतात. प्रत्येक वस्तूला घेणारा आधी पक्का करा, मग यादी काढा, आणि तारीख सगळ्यात शेवटी. उत्साहाच्या भरात 'घरातलं जुनं काहीही आणून द्या' असा मेसेज ग्रुपवर फिरवला की लोक खरंच काहीही आणतात. ओळखीच्या एका सोसायटीत असाच दिवस झाला. फोटो झकास आले, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात उशा, थर्माकोल आणि कॅसेटींची पोती पावसाळ्यापर्यंत पडून होती. शेवटी घंटागाडीतच गेली. म्हणजे माळ्यावरचा कचरा कचऱ्यातच टाकला, फक्त मध्ये एक रविवार घालवून.

दुसरं : रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, लोखंड हे आम्ही घेतच नाही. ते रोज दारात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं आहे. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. कचरा उचलणाऱ्या ताईंना दर घरामागे शुल्क मिळतं, पण विकला जाणारा माल विकूनही त्यांची कमाई होते. आपण हौसेने चांगला माल टेम्पोत घालून भलतीकडे पाठवला, तर त्यांच्या हाती उरतात फक्त डायपर आणि खरकटं. संकलन दिवस हा भाव नसलेल्या, किंवा एकट्या घरातून भाव न येणाऱ्या वस्तूंसाठी आहे.

आता वस्तू.

एक्सरे : या दिवसाचा खरा उपयोग कळतो तो इथे. जुन्या फिल्मवर चांदीच्या बारीक कणांचा थर असतो. चांदी काढली की खाली पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म उरते, तिलाही गिऱ्हाईक आहे. त्यामुळे मोठे भंगारवाले एक्सरे किलोवर घेतात. पण तुमच्या घरच्या चार फिल्मसाठी कोण येणार? पन्नास घरांच्या एकत्र केल्या की एका फोनवर माणूस येतो. कागदी पाकीट वेगळं काढा (ते रद्दीत), नाव छापलेला कोपरा कापा, आणि ज्याचे उपचार चालू आहेत त्याच्या फिल्म देऊ नका. घेणाऱ्याला एवढं जरूर विचारा की चांदी कुठे काढता. ती रसायनं गटारात सोडणारेही असतात. ग्रहण बघायला म्हणून कोणी एखादी फिल्म जपून ठेवली असेल तर तीही द्या. एक्सरेतून सूर्याकडे बघणं डोळ्यांसाठी सुरक्षित नाही, लहानपणी आपण सगळ्यांनी केलं असलं तरी.

ई-कचरा : यावर फार लिहीत नाही, हा सोपा आहे. पुण्यात 'स्वच्छ'च्या 'व्ही-कलेक्ट' नावाच्या संकलन मोहिमा असतात, पूर्णम इकोव्हिजनची संकलनं असतात. इतर गावांत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर परवानाधारक पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी आहे. फोन रीसेट करून, सिम काढून द्या.

बॅटऱ्या : इथे मात्र थांबा. मोबाईल, पॉवर बँक, ट्रिमर यांतल्या लिथियम बॅटऱ्या पोत्यात सुट्या टाकायच्या नाहीत. एकीचं टोक दुसरीला किंवा एखाद्या लोखंडी तुकड्याला टेकलं की शॉर्ट होतं, आणि टेम्पोत पुठ्ठा असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. आम्ही टेबलावर चिकटपट्टीचं रिळ घेऊन एक माणूसच बसवतो. बॅटरी आली की टोकांवर पट्टी, मग डब्यात. फुगलेली बॅटरी आली तर ती वेगळी, कोरड्या वाळूच्या बादलीत, उन्हापासून लांब. टोचून बघू नका. हे सांगावं लागतं, कारण कोणी ना कोणी टोचून बघतंच.

कपडे : धुतलेले, वापरण्याजोगे असतील तरच. गूंजसारख्या संस्था नीट घडी घातलेले कपडे मागतात, आणि हा देणाऱ्याच्या शिष्टाचाराचा भाग आहे. फाटके, विटके कपडे वेगळ्या पोत्यात. ते पानिपतकडे जाणाऱ्या चिंधीवाल्याकडे देता येतात, तिथे चिंध्या पिंजून त्यांचं सूत आणि घोंगड्या होतात.

थर्माकोल : जवळजवळ सगळी हवाच. टेम्पो भरतो आणि वजन मात्र नावापुरतंच, भाडं मालापेक्षा जास्त. दाबणारं यंत्र असलेला कोणी जवळ असेल तरच यादीत घाला, नाहीतर स्पष्ट 'नाही' लिहा. मखरांचा थर्माकोल २०१८ च्या बंदीनंतर कमी झाला, पण टीव्ही-फ्रिजबरोबर येणारा आहेच.

औषधं आम्ही घेत नाही. त्याचं कारण कोणीतरी जाणकाराने लिहावं.

बोरीबंदर

वाखूसा (वाचनखूण साठवली). नेमकं हेच हवं होतं.

चिप्सच्या पाकिटांचं काय करता?

तळजाईकर

@बोरीबंदर, पुसून, कोरडी करून, चपटी करून ठेवायची. ती पाकिटं प्लास्टिक आणि धातूचे थर एकत्र चिकटवून बनवलेली असतात, म्हणून भंगारात कोणी घेत नाही. पुण्यात 'इकोकारी' आणि 'रीचरखा' हे दोन उपक्रम अशा पाकिटांच्या, पिशव्यांच्या पट्ट्या कापून चरख्यावर सूत करून हातमागावर विणतात आणि पिशव्या, पैशांची पाकिटं बनवतात. पुण्यातल्याच 'आशाया'ने चिप्सच्या पाकिटांपासून गॉगल काढले. पण हे सगळे मिळूनही शहरातल्या पाकिटांचा अगदी छोटा हिस्सा घेऊ शकतात, बाकीचं बरंचसं सिमेंटच्या भट्टीत जळणाला जातं. तेलकट, मसाला लागलेलं पाकीट मात्र कोणालाच नको असतं.

जुनाखोड

लेख चांगला आहे, पण थोडी काडी टाकतो. हे सगळं आपल्याकडे पूर्वीपासून होतं, आणि इव्हेंट न करता होतं. बोहारीण जुन्या साड्यांवर भांडी द्यायची. एका पातेल्यासाठी आमची आई आणि ती, दोघी तासभर उंबऱ्यात बसून घासाघीस करायच्या. "ही पण घाल की गं माय" म्हणत ती एकेक साडी वाढवायची, आणि आई चहा देऊन पातेल्याचा आकार वाढवायची. गाद्यांना पिंजारी होता, भांड्यांना कल्हईवाला, छत्र्यांना छत्रीवाला. गोधडी शिवणाऱ्या बायका तर घरचं काहीच वाया जाऊ देत नसत. आता तुम्ही टेबल मांडता, बॅनर लावता, सेल्फी काढता. आणि सोसायटीचं गेट बोहारणीला बंद! वॉचमन तिला आत सोडत नाही, हे आधी सांगा.

तळजाईकर

काका, गेटबद्दल शंभर टक्के मान्य. आमच्या सर्वसाधारण सभेत याच मुद्द्यावर खडाजंगी झाली, आणि आता बोहारीण आणि रद्दीवाले यांना ठरलेल्या वेळी आत यायला परवानगी आहे.

बाकी मात्र पूर्ण पटत नाही. बोहारणीला साडी चालायची, कारण ती पुढे विकली जायची. पिंजाऱ्याकडे कापूस होता. आज घरातून निघतं ते स्पंज आणि काथ्याची गादी, फुगलेली पॉवर बँक, तीन प्रकारचं प्लास्टिक एकत्र ओतलेलं खेळणं. यांना उलगडून सुटं करणारा कोणी नाही, म्हणून फेरीवालाही नाही. बॅनरचं म्हणाल तर आम्ही लावत नाही, तो फ्लेक्सही शेवटी कुठे द्यायचा हा प्रश्नच!

खडकमाळ

जुनाखोड काका, पिंजारी आहेत अजून, फक्त शोधावे लागतात. आमच्याकडे यंत्र घेऊन दारात येतात आणि जुन्या गादीच्या कापसाची नवी गादी करून देतात. जाड अभ्रा आधी शिवून ठेवा, घरात कापूस उडतो. दमेकऱ्यांना त्या दिवशी बाहेर पाठवा.

माळ्यावरची_पेटी

एक विचित्र वाटेल असा मुद्दा. विंचरून गळलेले केस! आमच्या गावी 'केसांवर भांडी' म्हणत अजून बाया फिरतात. त्या गुंत्यालाही बाजार आहे. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात केसांचा गुंता सोडवून, लांबीनुसार लावून विकायचा मोठा धंदा आहे, पुढे त्याचे केसांचे टोप (विग) होतात. सासूबाई केसांचा बुचका प्लास्टिकच्या पिशवीत जमवतात आणि त्यावर चहाची गाळणी घेतात. मी नाकं मुरडायचे, आता गुपचूप माझेही केस त्याच पिशवीत टाकते.

घरचा_गणपती

संकलनाचा विषय निघालाय तर शाडूची माती राहून चालणार नाही. पुण्यात 'ईकोएक्झिस्ट'ने 'पुनरावर्तन' मोहीम सुरू केली, त्यात घरी विसर्जन केलेल्या शाडूच्या मूर्तीची माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. शाडू गुजरातेतल्या खाणींतून येते. ती भाजलेली नसते, त्यामुळे भिजवली की पुन्हा माती, कितीही वेळा. मग दर वर्षी नवी खणायची आणि जुनी नदीत सोडायची कशाला?

पद्धत अशी. विसर्जनाआधी हार, कापड, मोती, खडे, सोनेरी पट्ट्या सगळं काढायचं. बादलीत मूर्ती बुडेल एवढं पाणी. शाडूची असेल तर काही तासांतच विरघळायला लागते, रात्रभरात तळाशी गाळ बसतो. वरचं पाणी झाडांना. गाळ जुन्या सुती कापडात बांधून टांगा, पाणी निथळलं की उन्हात वाळवा आणि पिशवीत भरून द्या. निर्माल्य त्यात घालू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, पीओपी मिसळू देऊ नका. पीओपी पाण्याने एकदा आवळलं की पुन्हा माती होत नाही, त्याचे खडे अख्खी गोणी वाया घालवतात. दुकानदार 'शाडूच आहे' म्हणतो, पण दुसऱ्या दिवशी बादलीत बाप्पा जसेच्या तसे बसलेले दिसले की समजायचं. आम्ही संकलनाच्या टेबलावर प्रत्येक पिशवीतला चिमूटभर चुरा पाण्यात टाकून बोटांनी चोळून बघतो. शाडू लोण्यासारखी सरकते, पीओपी कचकचतं.

घरी पीओपीची मूर्ती असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे. त्या पाण्यात पीओपी हळूहळू विरघळतं, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं (ते खत आहे, भरपूर पाणी घालून झाडांना द्या) आणि खाली खडूसारखा चोथा बसतो. मूर्ती मोठी असेल तर दिवस लागतात, आणि अमोनियाचा वास येतो, बादली गॅलरीत ठेवा.

रामकुंडावरची

@तळजाईकर ताई, तसबिरींचं तुम्ही लिहिलंच नाही! आमच्या नाशिकला हा मोठा प्रश्न. भंगलेल्या मूर्ती, काच फुटलेल्या तसबिरी, देवघरातली जुनी पुस्तकं, लग्नपत्रिकांवरचे गणपती. कचऱ्यात टाकायला हात धजत नाही, मग लोक पिंपळाखाली ठेवतात किंवा गोदावरीत सोडतात. तृप्ती गायकवाड यांची 'संपूर्णम सेवा फाउंडेशन' हे सगळं गोळा करते. उत्तरपूजा होते, मग फ्रेम, काच, कागद, धातू वेगवेगळं करून ज्याच्या त्याच्या वाटेने पाठवतात.

मी एकदा मदतीला गेले होते. पहिल्यांदा वाटलं, लोक श्रद्धेने देतायत. नंतर टेबलाशी उभं राहिल्यावर दिसलं, सुटका झाल्याचं समाधान जास्त असतं. एक आजोबा पिशवी ठेवून परत परत वळून विचारत होते, "पूजा नक्की होईल ना? मग झालं, मग झालं." ती उत्तरपूजा नसती तर त्यातल्या निम्म्या तसबिरी माळ्यावरून खालीच आल्या नसत्या. तेव्हा कोणी असा दिवस घेणार असेल तर गुरुजींना अवश्य बोलवा, आणि त्या पेटीशेजारी चपला काढून उभे राहा. छोटी गोष्ट आहे, पण लोक बघतात.

पणजेकार

गोव्याहून थोडं. पणजीत काही वसाहतींमध्ये महापालिकेने कचरा १६ प्रकारांत वेगळा ठेवायची व्यवस्था केली. सोळा म्हटल्यावर लोक आधी हसले, पण वसाहतीत खणांचं कपाट ठेवलं की होतं. काच, टेट्रापॅक, चिप्सची पाकिटं, करवंट्या, प्रत्येकाचा खण. तुमच्यासारखं वर्षाकाठी टेबल मांडावं लागत नाही. काचेच्या बाटल्यांची मात्र आम्हाला काळजीच नाही, उर्राक-फेणी भरायला रिकामी बाटली लागतेच!

जुनाखोड

सोळा खणांचं कपाट ठेवायला आधी तेवढी जागा सोडणारा बिल्डर आणा.

श्टुटगार्टकाकू

इथे जर्मनीत बॅटरीसाठी सुपरमार्केटच्या दाराशी पेटी असते, विकणाऱ्याने परत घेणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या दुकानांना छोटी जुनी यंत्रंही घ्यावी लागतात, तुम्ही नवीन काही घेतलं नाही तरी. सोफा-कपाटासाठी पालिकेकडे तारीख मागायची आणि आदल्या दिवशी फुटपाथवर ठेवायचं. मग रात्री गल्लीतले लोक येऊन चांगलं-चांगलं उचलून नेतात. माझं अर्धं घर त्यातूनच सजलंय, सांगायला लाज नाही.

अवांतर : मुदत संपलेली औषधं इथे बहुतेक गावांत घरच्या काळ्या डब्यातच टाकायला सांगतात, कारण तो कचरा जाळला जातो.

गोळ्यागोळ्या

फार्मासिस्ट आहे, म्हणून औषधांचं लिहिते. तळजाईकर ताई घेत नाहीत ते बरोबरच आहे. संकलनाच्या टेबलावर औषधांचा ढीग म्हणजे जोखीम. झोपेच्या गोळ्या, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं कोणाच्याही हाती लागू शकतात, आणि मुदत संपलेल्या पट्ट्या पुन्हा बाजारात येण्याचीही भीती असते.

२०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे, सीएफएल, पाऱ्याचे थर्मामीटर, घरच्या सुया, मुदत संपलेली औषधं हे 'घरगुती घातक कचऱ्यात' धरलं होतं, आणि दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असंही लिहिलं होतं. तुमच्या वॉर्डात असं केंद्र कुठे आहे हे नगरसेवकाला एकदा विचाराच, चेहरा बघण्यासारखा होतो. केरळने २०२५ मध्ये सरकारी पातळीवर जुनी औषधं गोळा करायची योजना कोळिकोडपासून सुरू केली. आपल्याकडे मागणी करायला तो दाखला चांगला आहे.

तोवर : सरसकट सगळं संडासात ओतू नका, विशेषतः अँटिबायोटिक. गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवी बंद करून सुक्या कचऱ्यापासून वेगळी, वर लिहून द्या. पट्टीवर कात्री चालवा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट, वर 'सुया' असं ठळक लिहून. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात ती सुई जाते, हे डोळ्यांसमोर ठेवा.

बोरीबंदर

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर? आत्ताच झालंय, म्हणून विचारतोय.

गोळ्यागोळ्या

पोरांना आणि मांजराला खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद. झाडू नको, व्हॅक्यूम तर अजिबात नको. दोन जाड कागदांनी गोळे एकत्र ढकलत आणा, बारीक थेंब चिकटपट्टीने उचला, सगळं काचेच्या बरणीत थोड्या पाण्याखाली ठेवून झाकण घट्ट लावा. हातातली अंगठी आधी काढा, पारा सोन्याला चिकटतो.

बोरीबंदर

झालं. अंगठी वाचली. बायकोने तुम्हाला धन्यवाद कळवलेत.

सचिव_बिनपगारी

पैशाचं कोणीच बोलत नाही. टेम्पोचं भाडं, हमाली, चहा. आमच्या कमिटीत एक सदस्य म्हणतात, ई-कचऱ्याचे पैसे येतात ते सोसायटीच्या फंडात टाका, भाड्याला हात लावू नका. मग टेम्पो काय माझ्या पेन्शनीतून?

तळजाईकर

सचिव, हे आधीच ठरावात लिहून घ्या, नाहीतर दर वेळी भांडण. आमचा ठराव असा : ज्या वस्तूंचे पैसे येतात (एक्सरे, ई-कचरा), त्यातून ज्यांचे येत नाहीत त्यांचं भाडं निघतं. उरलं तर रोज कचरा उचलणाऱ्या ताईंना जातं. तोटा आला तर पुढच्या वेळी तोट्याची वस्तू यादीतून बाहेर. म्हणूनच थर्माकोल बाहेर आहे.

आणि घेणाऱ्याकडून वजनाची पावती घ्या. पावती द्यायला कां-कू करणाऱ्याला पुढच्या वेळी फोन करू नका.

माळ्यावरची_पेटी

कॅसेटी राहिल्या की ताई! आमच्याकडे नाट्यगीतांच्या दोन पेट्या आहेत, आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट.

तळजाईकर

कॅसेटींना सध्या आमच्याकडे घेणारा नाही, म्हणून त्या यादीत नाहीत. आतली फीत पॉलिएस्टरची, तिच्यावर बहुतेक वेळा लोहाच्या ऑक्साइडचा थर. ती भुगा करायच्या यंत्रात गुंडाळून बसते म्हणून कोणी घेत नाही. फीत काढून फक्त कवच दिलं तर काही जण कडक प्लास्टिकमध्ये घेतात, पण एकेक स्क्रू उघडत बसायची तयारी हवी. सीडी चालतात, त्या पॉलिकार्बोनेटच्या असतात.

नाट्यगीतं मात्र फेकू नका. डिजिटल करून घ्या, आणि कोणते प्रयोग आहेत ते इथेच लिहा. इथल्या निम्म्या लोकांना हव्या असतील. लग्नाची कॅसेटही आधी करून घ्या, बुरशी लागली की संपलं.

जुनाखोड

@माळ्यावरची_पेटी, त्यात संगीत सौभद्र आहे का? असेल तर पेटीसकट मी घेतो. भाडं माझं.

माळ्यावरची_पेटी

काका, आहे! दोन आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

खडकमाळ

वीस लिटरचे पाण्याचे जुने जार कोणाला हवेत का? तळ चिरलाय, पाणी राहत नाही.

रामकुंडावरची

पाणी राहत नाही तेच बरं, मला झाडांना हवेत. पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय, तोवर ठेवाल का?